थंडी, पिल्ले आणि एक सोपे उत्तर

‘थंड प्रदेशातील काही सरपटणारे प्राणी अंडी न घालता पिल्ले देतात, कारण तेथील थंडीत अंडी उबणार नाहीत.’ अनुकूलनाचा धडा शिकवताना या अर्थाचे वाक्य हटकून येते. अवांतर वाचनाच्या पुस्तकांत ते असते, प्रश्नमंजूषांत असते, निसर्गपटांच्या निवेदनातही असते. वाक्य छोटे आहे, त्यात कारण आहे आणि परिणाम आहे, विद्यार्थ्याला ते लगेच पटते आणि परीक्षेत लिहिता येते. इतके गुण एकाच वाक्यात आले की त्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. आम्हाला या वाक्याजवळ जरा थांबावेसे वाटते. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ते जेवढे उलगडते त्याहून जास्त झाकून ठेवते, अशी आमची तक्रार आहे. आणि जे झाकले जाते त्याचा संबंध आज डोंगरमाथ्यांवर जगत असलेल्या सरड्यांच्या भवितव्याशी आहे.

तपासणीसाठी आपण एकच प्राणी घेऊ, म्हणजे हवेतल्या गप्पा होणार नाहीत.

युरोपात एक लहानसा तपकिरी सरडा आहे. शास्त्रीय नाव झूटोका व्हिविपारा. जुन्या पुस्तकांत तो लॅसर्टा व्हिविपारा या नावाने सापडेल. व्हिविपारा म्हणजे जिवंत पिल्ले देणारी. या लेखापुरते आपण त्याला नुसते झूटोका म्हणू. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याशी त्याचे नाते दूरचे आहे; अंगलटीवरून तो सापसुरळीची आठवण करून देईल. तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी पाच-सहा सेंटिमीटर, वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढे. एवढ्याशा या प्राण्याचा मुलूख मात्र अफाट आहे. पश्चिमेला आयर्लंडपासून पूर्वेला सखालिन बेटापर्यंत आणि जपानच्या उत्तर टोकापर्यंत तो आढळतो, आणि उत्तरेला आर्क्टिक वृत्त ओलांडतो. जमिनीवर राहणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही सरड्याचा प्रसार इतका मोठा नाही. उत्तरेकडे तो समुद्रसपाटीजवळच्या ओलसर माळांवर आणि दलदलीच्या काठाने राहतो. जसजसे दक्षिणेकडे यावे तसतसा तो बहुतेक ठिकाणी डोंगर चढत जातो. आल्प्समध्ये झाडांची हद्द संपल्यावर जी कुरणे लागतात, त्यांत दोन-अडीच हजार मीटर उंचीवरही तो दिसतो.

या कुरणांची कल्पना नकाशावरून येत नाही. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, हे आपण शिकवतोच. त्यामुळे दोन हजार मीटरांवरचा सरडा म्हणजे कायम कुडकुडणारा प्राणी, असे चित्र मुलांच्या मनात उभे राहते. पण सरडा हवामान खात्याच्या पेटीत राहत नाही. ती पेटी जमिनीपासून माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, सावलीत असते. सरडा राहतो जमिनीपासून बोटभर उंचीवर, आणि ऊन असेल तेव्हा उन्हात. डोंगरावर हवा विरळ असते, त्यामुळे ऊन प्रखर लागते. वाळलेल्या गवताचा पुंजका, काळा खडक, पडलेला ओंडका ही सगळी उन्हात पाहता पाहता तापतात. झूटोका त्यांवर अंग चपटे करून, फासळ्या पसरून बसतो आणि थोड्याच वेळात त्याचे शरीर तीस अंशांच्या पुढे जाते. शेजारच्या सावलीतली हवा तेव्हा दहा-बारा अंशच असू शकेल. ढग आला की तो दडतो, ऊन आले की परत येतो. दिवसभर त्याचा हाच उद्योग.

याच कारणासाठी ‘शीतरक्ती’ हा शब्द आम्हाला कधीच आवडलेला नाही. उन्हात बसलेल्या या सरड्याचे रक्त आपल्या रक्तापेक्षा फार तर चार-सहा अंशांनी थंड असेल. फरक रक्तात नाही, ऊब कोठून मिळते त्यात आहे: आपण ती अन्न जाळून आतून मिळवतो, तो ती उन्हातून बाहेरून मिळवतो. १९४४ साली कोल्स आणि बोगर्ट या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांची तापमाने मोजून हे नीट दाखवून दिले. दहाच वर्षांनी ऑलिव्हर पिअरसन यांनी पेरूच्या अँडीज पर्वतात, चार हजार मीटरांहून उंचावर राहणाऱ्या लिओलेमस सरड्याच्या बाबतीत तेच पाहिले. इतक्या जुन्या गोष्टीनंतरही शब्द टिकून आहे. शब्द फार चिवट असतात.

तर डोंगरावर दिवसा ऊब मिळते. प्रश्न रात्रीचा आणि ऋतूचा. कुरणावर वर्षातले सहा-सात महिने बर्फ किंवा बर्फाची भीती असते. झूटोका शरदात जमिनीखाली, मुळांच्या पोकळीत शिरतो आणि वसंतात बाहेर येतो. वर साचलेला बर्फ गोधडीचे काम करतो. त्याखालची माती फारशी गोठत नाही. आणि कधी थंडी आत पोचलीच, तर शरीरातील पाण्याचा बराच भाग गोठूनही काही काळ जिवंत राहण्याची क्षमता या सरड्यात आहे. बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत सगळे उरकायचे: समागम, गर्भाची वाढ, पिल्लांचा जन्म आणि हिवाळ्यापूर्वी त्यांनी थोडे अंग धरणे. पिल्ले उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जन्मतात, साधारण पाच-सहा. प्रत्येक पिल्लू पातळ पारदर्शक पटलात गुंडाळलेले असते. ते पटल फाडून बाहेर येते आणि आईकडे न पाहता चालू लागते.

आता ते वाक्य. त्याची वंशावळ चांगली आहे, हे आधी सांगायला हवे. १९३३ साली सिडनीच्या क्लेअर वीक्स यांनी युरोप आणि ऑस्ट्रेलियातील साप-सरड्यांच्या प्रसाराची त्यांच्या प्रजननाच्या रीतीशी तुलना केली आणि उंच, थंड जागी पिल्ले देणाऱ्यांचे प्रमाण जास्त असल्याकडे लक्ष वेधले. (याच बाई पुढे डॉक्टर झाल्या आणि चिंताविकारावरच्या त्यांच्या पुस्तकांनी जगभर नाव मिळवले. सरड्यांच्या वारेवर त्यांनी केलेले काम मात्र त्यांच्या लाखो वाचकांना ठाऊक नसते.) वीक्सबाईंच्या निरीक्षणामागचा तर्क साधा आहे. डोंगरातल्या मातीत पुरलेले अंडे रात्रभर थंड पडते आणि दिवसाही फार तापत नाही, म्हणून गर्भाची वाढ रखडते. तेच अंडे आईच्या पोटात असेल तर ती त्याला घेऊन उन्हात जाईल, ढग आला की आडोशाला जाईल. आई म्हणजे चालती-फिरती उबवणी पेटी. तर्क पटण्याजोगा आहे, आणि पुढे अनेक देशांतल्या आकडेवारीने त्याला बळही दिले.

मग तक्रार कसली? झूटोकालाच विचारू.

या प्राण्याचे नाव पिल्ले देण्यावरून पडले. १७८७ साली जॅक्विन यांनी ऑस्ट्रियातील सरड्याच्या या रीतीची नोंद केली, आणि पुढची एकशे चाळीस वर्षे ‘हा सरडा पिल्ले देतो’ हे निर्विवाद मानले गेले. १९२७ साली लांत्झ यांनी कळवले की, फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या पिरेनीज पर्वतातला झूटोका अंडी घालतो. पुढे स्पष्ट झाले की पिरेनीज, त्याच्या पश्चिमेचे कँटाब्रियन डोंगर आणि नैऋत्य फ्रान्सचा सखल भाग येथील झूटोका अंडी घालणारे आहेत. पूर्वेलाही, उत्तर इटली, स्लोव्हेनिया आणि दक्षिण ऑस्ट्रियाच्या भागांत, अंडी घालणारी आणखी एक शाखा निघाली. नाव ‘जिवंत पिल्ले देणारी’ आणि घालते अंडी! नावावरून प्राणी ओळखण्याची सवय असलेल्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

आता वाक्याची अडचण पाहा. पिरेनीज हा काही सखल, उबदार मुलूख नाही. तेथे हे सरडे दोन हजार मीटरांच्या आसपासही अंडी घालतात, आणि ती उबतात. उलट आयर्लंडच्या समुद्रकाठी, जेथे हिवाळा सौम्य असतो, तेथला झूटोका पिल्ले देतो. थंडी हे एकमेव कारण असते तर पिरेनीजच्या माथ्यावर पिल्ले आणि खालच्या किनाऱ्यांवर अंडी दिसायला हवी होती. एकाच जातीत, एकाच खंडात हा हिशेब जुळत नाही.

आपल्या अंगणातही तो जुळत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कातळावर फुरसे कोणी पाहिले नाही? फुरसे पिल्ले देते. घोणस पिल्ले देते, मांडूळ देते, झाडावरचा हरणटोळही देतो. कोकणातल्या वैशाखात कसली आली थंडी? ‘थंडी म्हणून पिल्ले’ हे वाक्य फळ्यावर लिहिल्यावर मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाने हात वर करून फुरशाचे नाव घेतले, तर शिक्षकाने काय करायचे? ‘तो अपवाद’ म्हणून पुढे जायचे? जगातल्या साप-सरड्यांच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्या जाती पिल्ले देतात, आणि ही रीत त्यांच्या वेगवेगळ्या कुळांत शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असे मानले जाते. त्या सगळ्यांना एका थंडीच्या खुंटीला बांधता येणार नाही.

ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड शाइन यांनी १९९५ साली थोडे वेगळे उत्तर मांडले. आईच्या पोटात गर्भाला जास्त ऊब मिळते एवढाच मुद्दा नाही. जी ऊब मिळते ती अधिक योग्य असते. थंड प्रदेशात आई तापमान वाढवते, उष्ण प्रदेशात ती तापमानाचे टोकाचे चढउतार टाळते. दोन्हीकडे फायदा पिल्लाच्या घडणीत दिसतो. या उत्तरात डोंगरावरचा सरडाही बसतो आणि कातळावरचे फुरसेही बसू शकते. हे शेवटचे उत्तर आहे असे आम्ही म्हणत नाही. जुन्या वाक्यापेक्षा ते अधिक प्राण्यांना सामावून घेते, इतकेच. आणि त्यात खर्चाची बाजू धरावी लागते, जी जुन्या वाक्यात येतच नाही. गाभण मादी जड होते, हळू पळते, उन्हात जास्त वेळ बसते आणि शिकाऱ्याच्या नजरेला पडते. ती मेली तर सगळी वीण जाते. सखल भागातली अंडी घालणारी मादी एका मोसमात दोनदा अंडी घालू शकते; पिल्ले देणारीला एकदाच जमते. पिल्ले देणे ही बढती नव्हे, तो एक सौदा आहे.

आमचा दुसरा आक्षेप भाषेवर आहे. मराठीत ‘साठी’ आणि ‘म्हणून’ हे शब्द फार सहज येतात. ‘थंडीवर मात करण्यासाठी सरडा पिल्ले देऊ लागला.’ जणू सरड्यांनी सभा भरवून ठराव केला! खरे घडले असेल ते पायरीपायरीने. सगळे सरडे अंडी काही काळ पोटात ठेवतातच. अंडी घालणाऱ्या झूटोकाची अंडी बाहेर येतात तेव्हा गर्भाच्या वाढीचा बराच टप्पा आत पार पडलेला असतो, आणि उरलेली वाढ बाहेर महिना-सव्वा महिन्यात होते. काही माद्या अंडी थोडी अधिक काळ ठेवत असतील. काहींच्या अंड्यांचे कवच थोडे पातळ असेल. ज्या जागी त्याचा लाभ झाला तेथे अशांची संतती वाढली. म्हणजे ‘अंडे की पिल्लू’ हा दोन खणांचा प्रश्न नसून एक लांबलचक उतार आहे, आणि झूटोकाची मंडळी त्या उतारावर निरनिराळ्या जागी उभी आहेत.

हे केवळ कल्पनेने म्हटलेले नाही. १९९० च्या दशकात फ्रान्स आणि स्पेनमधील संशोधकांनी अंडी घालणाऱ्या आणि पिल्ले देणाऱ्या झूटोकांचा प्रयोगशाळेत संकर केला. संकरित माद्यांची रीत मधली निघाली: कवच मधल्या जाडीचे, आणि अंडे बाहेर येताना आतला गर्भ अधिक वाढलेला. ऑस्ट्रियात असा संकर निसर्गातही सापडला आहे, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा संकरित सरड्यांच्या मदतीने गर्भधारणेचा काळ आणि कवच यांच्याशी जोडलेले जनुकीय भाग शोधले गेले. दोन रीतींमधली भिंत किती पातळ आहे ते यावरून दिसते.

सर्वांत गमतीची गोष्ट पुढेच आहे. पिरेनीजचे अंडी घालणारे झूटोका हे मूळची जुनी रीत जपून बसलेले, असे कोणीही धरून चालेल. २००६ साली वंशवृक्षाचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन शक्यता मांडल्या: एक तर पिल्ले देण्याची रीत एकाहून अधिक वेळा उपजली, किंवा पिरेनीजचे पूर्वज आधी पिल्ले देत होते आणि नंतर पुन्हा अंड्यांकडे वळले. २०१८ साली जनुकसंचाचा मोठा भाग वापरून केलेल्या अभ्यासाने दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने कौल दिला. हरवलेला गुंतागुंतीचा अवयव वा गुण उत्क्रांतीत परत येत नाही, असा डोलो यांचा नियम पुस्तकांत असतो. त्या नियमालाच हा सरडा कोपरखळी मारतो. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ही शक्यता खरी असेल तर ‘थंडी म्हणून पिल्ले’ या वाक्याला पिरेनीजच्या थंड माथ्यावर उत्तर देणे आणखी अवघड होते, कारण तेथे पिल्ले देणाऱ्यांचे वंशज पुन्हा अंडी घालत आहेत. कोणता सरडा आज कोठे आहे आणि काय करतो, यात हिमयुगांच्या चढउतारांत कोणत्या शाखा कोठे तगल्या आणि बर्फ हटल्यावर कोण कोठे पसरले, याचा वाटा मोठा आहे. हवामान आजचे असते, प्राण्याचा इतिहास मागून आलेला असतो. आपल्या वर्गात पहिला भाग शिकवला जातो, दुसरा राहून जातो.

येथपर्यंतची चर्चा पुस्तकी वाटेल. पण याच वाक्याचे एक धाकटे भावंड अलीकडे पर्यावरणाच्या धड्यांत रुळले आहे, आणि त्याने होणारे नुकसान अधिक आहे. ते असे: ‘पृथ्वीचे तापमान वाढले की डोंगरावरचे प्राणी वर सरकतात, शिखर आले की त्यांना जागा उरत नाही.’ पुन्हा तेच: कारण, परिणाम आणि मधे काही नाही. प्राणी जणू सरकत्या जिन्यावर उभे आहेत.

दक्षिण फ्रान्सच्या सेवेन भागात माँ लोझेर नावाचा डोंगर आहे. आल्प्सच्या मानाने बुटका, १६९९ मीटर, पण माथ्यावर मोकळी, ओली, गार कुरणे आणि झूटोकाची वस्ती. येथे १९८० च्या दशकापासून सरड्यांना खुणा करून, मोजून सोडण्याचे काम चालत आले. गाभण माद्या काही काळ प्रयोगशाळेत ठेवायच्या, पिल्ले मोजायची आणि पुन्हा आपापल्या जागी सोडायची. इतक्या चिकाटीने एका प्राण्याकडे पाहण्याचे प्रसंग विज्ञानात कमीच. २००६ साली तेथल्या अठरा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तापमान वाढले होते. आणि सरडे? ते आकाराने मोठे झाले होते. मोठी मादी जास्त पिल्ले देते, त्यामुळे विणीही वाढल्या होत्या. सरकत्या जिन्याच्या गोष्टीत हे कोठे बसते? थंड जागेवरच्या प्राण्याला थोडी जास्त ऊब मिळाली, उन्हाचे तास वाढले, तो जास्त खाऊ लागला. साधा हिशेब.

ज्यांना तापमानवाढीची चिंता पोकळ वाटते त्यांनी एवढ्यावर थांबावे, म्हणजे त्यांची सोय होईल. पण त्याच वस्त्यांचा २००८ सालचा अभ्यास वाचावा लागतो. झूटोकाची काही पिल्ले जन्मानंतर लवकरच आईची जागा सोडून दूर जातात आणि इतरत्र वस्ती करतात. माँ लोझेरवर अशा भटक्या पिल्लांचे प्रमाण वर्षागणिक घटत गेले होते, आणि त्याचा संबंध आई गाभण असतानाच्या उष्णतेशी लागला. ज्या वर्षी पोटातले दिवस उबदार, त्या वर्षीची पिल्ले घरकोंबडी! म्हणजे वर सरकण्याची वेळ आली तेव्हा सरकण्याची ओढच कमी झाली. आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. येथे ऊबच ते कुंपण अलीकडे ओढत होती.

त्यानंतर पिरेनीजच्या पायथ्याशी, तापमान नियंत्रित करता येतील अशा मोठ्या जाळीदार आवारांत, प्रयोग झाला. काही आवारे सुमारे दोन अंशांनी अधिक उबदार ठेवली. २०१५ साली निष्कर्ष आले: उबदार आवारांतली पिल्ले झपाट्याने वाढली आणि लवकर प्रजननाला आली, पण प्रौढ सरडे लवकर मेले. या गतीने अशा वस्त्या सुमारे वीस वर्षांत संपतील असा अंदाज गणिताने निघाला. २०२२ साली फ्रान्सच्या त्याच मध्यवर्ती पहाडी भागातील दहा वस्त्यांचा अभ्यास आला. उष्ण आणि रोडावत चाललेल्या वस्त्यांत जन्मणाऱ्या पिल्लांच्या गुणसूत्रांच्या टोकांवरची टोपणे, म्हणजे टेलोमेर, जन्मतःच आखूड होती. टेलोमेर हे शरीराच्या झिजेचे एक माप मानले जाते. पिल्लू जन्मायच्या आधीच म्हाताऱ्याचे सामान घेऊन निघाले होते, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

मोठे शरीर, जास्त पिल्ले आणि मग ऱ्हास: हा क्रम वर्गात सांगण्यासारखा आहे. पहिल्या पंधरा-वीस वर्षांचे आकडे पाहून जो निष्कर्ष निघतो तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांत फिरतो, आणि दोन्ही वेळा मोजमाप बरोबर असते. यात पाण्याची बाजूही आहे. झूटोका ओलाव्याचा प्राणी. कुरण कोरडे पडले तर तापमान सोसवत असूनही तो टिकत नाही. उलट, ओल्या दरडीची सावली किंवा दाट झुडूप शाबूत असेल तर एका मीटरवर सरकून त्याला जेवढा गारवा मिळतो तेवढ्यासाठी एरवी शेकडो मीटर डोंगर चढावा लागेल. सरकत्या जिन्याच्या चित्रात ही दरड नसते, झुडूपही नसते. म्हणून ती वाचवावीत हे कोणाला सुचत नाही.

आणि पिल्ले देण्याचे काय? २०१० साली सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील स्केलोपोरस सरड्यांच्या ४८ जातींच्या २०० जुन्या जागा पुन्हा तपासल्या. १९७५ नंतर त्यांतल्या १२ टक्के वस्त्या नाहीशा झाल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, वसंतात ऊन असह्य झाले की सरड्याला सावलीत दडावे लागते, हिंडून खाण्याचे तास कमी होतात आणि नेमक्या त्याच वेळी गाभण माद्यांना अन्नाची गरज असते. पिल्ले देणाऱ्या जातींना धोका अधिक दिसला. या गणितावर पुढे आक्षेपही घेतले गेले आणि ते योग्यच झाले. सरड्याच्या तासांवरून जातीचे मरण मोजणे सोपे नाही. पण थंड डोंगरावर जी रीत उपयोगी ठरली तीच ऊन वाढल्यावर ओझे होऊ शकते, ही शक्यता ‘थंडी म्हणून पिल्ले’ हे वाक्य पाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या मनात येणारच नाही. त्याच्या लेखी अनुकूलन म्हणजे एकदा मिळालेले आणि कायम उपयोगी पडणारे बक्षीस.

शिक्षकांनी हे सगळे आठवीच्या वर्गात सांगावे अशी आमची अपेक्षा नाही. वाक्य बदलता मात्र येईल. ‘थंड प्रदेशातील सरपटणारे प्राणी पिल्ले का देतात?’ हा प्रश्न घालण्याऐवजी असे विचारता येईल: ‘पिरेनीज पर्वतातला झूटोका अंडी घालतो, आयर्लंडमधला पिल्ले देतो आणि कोकणातले फुरसेही पिल्ले देते. केवळ थंडीने याचा उलगडा होतो का? आणखी कोणती माहिती हवी?’ या प्रश्नाला दोन गुणांचे छापील उत्तर नाही, आणि तपासणाऱ्याला त्रास होईल हे आम्ही जाणून आहोत.

ज्यांच्याजवळ तीन तापमापी असतील त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. एक तापमापी सावलीत, खांद्याएवढ्या उंचीवर टांगावी. दुसरीचा फुगा उन्हातल्या काळ्या दगडावर टेकवून ठेवावा. तिसरी गवताच्या पुंजक्यात खोचावी. निरभ्र दिवशी पहाटेपासून तिन्हींची दर तासाला नोंद घेऊन आलेख काढावा. पहाटे दगड हवेपेक्षा थंड निघण्याचा संभव आहे, कारण रात्रभर त्याने आकाशाकडे उष्णता सोडलेली असते. ऊन आले की तो झपाट्याने हवेच्या पुढे जाईल, आणि संध्याकाळी किंवा रात्री केव्हा तरी त्या रेघा पुन्हा एकमेकींना छेदतील. मग मुलांना विचारावे की कुंपणावरचा सरडा या आलेखाच्या कोणत्या भागात बाहेर असतो, आणि दुपारी तो कोणत्या रेघेवरून कोणत्या रेघेवर उडी मारतो.